ए३२० वाल्या जुन्या कंपनीचा ‘परत या’ असा मेल, सध्या एटीआरवर बॉण्ड चालू. हिशोब कसा मांडायचा?

उजवी_सीट

एका लो-कॉस्ट कंपनीत ए३२० या एअरबसच्या जेटवर एफओ, म्हणजे उजव्या सीटवरचा सहवैमानिक, होतो. इंजिनांअभावी निम्मी विमानं उभी राहिली आणि कंपनीने बऱ्याच पायलटांना बिनपगारी रजेवर घरी बसवलं. पाच महिने वाट बघून राजीनामा दिला. तेव्हा कंपनीने नोटीस पिरियडचा आग्रह न धरता एनओसी (सोडून जायला हरकत नसल्याचं पत्र) दिली. आता एका प्रादेशिक कंपनीत एटीआर ७२-६०० या प्रोपेलरच्या विमानावर आहे. एकूण तास १,९०० च्या आसपास, त्यातले १,३०० ए३२० चे.

जुन्या कंपनीत नवा गुंतवणूकदार आलाय आणि एचआरचा मेल आलाय: १५ दिवसांत होकार कळवा, ४५ दिवसांत रुजू व्हा. बेस मुंबई, पगार जुनाच, वर एक वर्ष दरमहा ४०,००० ‘रिटेन्शन’ भत्ता. माझा तीन महिन्यांचा पगार आणि फुल अँड फायनल अजून अडकलंय, त्याबद्दल ‘योग्य वेळी निकाली काढू’ एवढंच वाक्य. ज्येष्ठतेबद्दल अवाक्षर नाही.

इकडची बाजू अशी: एटीआरचं टाइप रेटिंग (ते विमान उडवण्याची परवानगी) कंपनीच्या खर्चाने झालं, त्याचा ३ वर्षांचा, १२ लाखांचा बॉण्ड आहे: आधी सोडलं तर पैसे भरायचे. सव्वा वर्ष संपलंय. बेस हैदराबाद. पगार ए३२० पेक्षा कमी, पण वेळेवर होतो. कमांडची (कॅप्टन होण्याची) पाळी अंदाजे दीड-दोन वर्षांत येईल असं दिसतं.

ए३२० च्या पीपीसीची (सिम्युलेटरवरच्या ठराविक काळाने होणाऱ्या परीक्षेची) मुदत संपून वर्ष उलटलंय. परत जावं की नाही यावर ‘मनाचं ऐक’ छाप सल्ले घरचे भरपूर देतायत. मला बघायच्या गोष्टी सांगा.

कागदोपत्री

सगळ्यात आधी ४५ दिवसांचं बघू, कारण ते जमणारच नाही.

डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या सीएआर (नियमावली) सेक्शन ७, सिरीज एक्स, पार्ट २ प्रमाणे एफओला ६ महिने आणि कमांडरला १ वर्ष नोटीस आहे. २०१७ च्या ऑगस्टपासून ही मुदत आहे. सध्याच्या कंपनीने लवकर एनओसी दिली तरच ती कमी होते. जुन्या कंपनीने तुम्हाला झटक्यात सोडलं कारण तिला पगाराचं ओझं कमी करायचं होतं. एटीआरवाल्यांना तसं काहीही कारण नाही, उलट तुमच्यावर रेटिंगचा खर्च झालाय. म्हणजे खरी रुजू तारीख आजपासून साडेसहा-सात महिन्यांनी धरा आणि जुन्या कंपनीला तेच कळवा. ‘आधी या, एनओसीचं आम्ही बघून घेऊ’ असं कोणी फोनवर म्हणालं तर ते मेलवर मागा. मेल येणार नाही.

नोटीस न देता निघून जाण्याचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. २०२३ मध्ये अकासा एअरने असं केलेल्या पायलटांवर मुंबई हायकोर्टात नुकसानभरपाईचे दावे लावले. पायलटांचं म्हणणं होतं की राजीनामे मुंबईबाहेरून दिले, म्हणून हे कोर्ट नको. हायकोर्टाने ते मानलं नाही आणि दावे दाखल करायला परवानगी दिली. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, वकिलाची फी तुमच्याच खिशातून जाते.

दुसरी चूक लोक करतात ती अशी: ‘राजीनामा टाकून ठेवतो, नाही जमलं तर नोटीस संपायच्या आत मागे घेईन.’ सर्वसाधारण नोकरीत हे चालतं. पायलटच्या बाबतीत एअर इंडिया एक्सप्रेसच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, राजीनामा मागे घेऊ दिला नाही. पुढे जून २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाने एअर इंडियाच्या पायलटांना उलटा दिलासा दिला, राजीनामे मागे घेतल्यावरही काढलेल्यांना परत घ्यायला सांगितलं. प्रत्येक प्रकरणातली वस्तुस्थिती वेगळी होती. त्यामुळे राजीनामा म्हणजे सुटलेला बाण समजा. नवीन ऑफरवर सही-शिक्का झाल्याशिवाय तो पाठवू नका.

आता बॉण्ड. ३६ महिन्यांपैकी १५ झाले. बॉण्डमध्ये ‘प्रो-राटा’ (उरलेल्या काळापुरतीच वसुली) शब्द आहे का ते बघा. असेल तर आज निघाल्यास २१ महिन्यांचे ७ लाख होतात. पण ६ महिने नोटीस काम करून काढली की उरतात १५ महिने, म्हणजे ५ लाख. नोटीस काळ बॉण्डमध्ये मोजला जातो की नाही यावर दोन लाखांचा फरक आहे, ते कलम शब्दशः वाचा. प्रो-राटा नसेल आणि ‘संपूर्ण रक्कम’ असेल तर १२ लाख मागतील. कोर्टात वाजवी नुकसानभरपाईपर्यंतच टिकतं हा युक्तिवाद आहे, पण बॉण्ड मुळातच बेकायदा असतो या भ्रमात राहू नका. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये ३ वर्षांचा २ लाखांचा बॉण्ड वैध ठरवलाय.

बॉण्डसोबत कोरे चेक दिलेत का? दिले असतील तर मामला वेगळ्या वाटेने जातो, चेक वटला नाही की थेट कलम १३८ ची (चेक न वटण्याच्या गुन्ह्याची) नोटीस. आणि वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावला तर ऑगस्ट २०२२ चं जीएसटीचं १७८ क्रमांकाचं परिपत्रक दाखवा. नोटीस पे आणि बॉण्डच्या वसुलीवर जीएसटी नाही असं त्यात स्पष्ट आहे. बरेच एचआर अजूनही लावतात.

मग तो ४०,००० चा भत्ता बघा. वर्षाचे ४ लाख ८० हजार. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह कर गेला की हातात सुमारे ३ लाख ३० हजार. बॉण्डचे ५ लाख त्यातून निघतच नाहीत. म्हणजे हा भत्ता तुम्हाला नाही, जे अजून तिकडेच बिनपगारी बसलेत त्यांना डोळ्यांपुढे ठेवून ठरवलाय. बॉण्ड जुन्या कंपनीने भरावा असं मागता येतं. मात्र तुमचं देणं कंपनीने भरलं की ती रक्कम तुमच्या पगारात धरून कर लागतो, म्हणून ‘करासह’ असं मागा.

घाटमाथा

वरच्याशी सहमत, पण माझ्या मते खरा प्रश्न थकबाकीचा आहे आणि त्याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: नवा गुंतवणूकदार कुठल्या दाराने आला?

साधी शेअर खरेदी किंवा भांडवल ओतलं असेल तर कंपनी तीच, देणी तीच. तुमचे पैसे कायद्याने शाबूत. पण कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) जाऊन रिझोल्यूशन प्लॅन, म्हणजे तिला वाचवायची योजना, मंजूर झाला असेल तर गोष्ट उलटी. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केलंय की प्लॅन मंजूर झाल्यावर प्लॅनमध्ये नसलेली जुनी देणी संपतात. कर्मचाऱ्याने मुदतीत फॉर्म डी भरून दावा लावला नसेल तर ‘योग्य वेळी निकाली काढू’ या वाक्याला शून्य किंमत. एनसीएलटीच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने केस शोधता येते, दहा मिनिटांचं काम आहे.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी मात्र वेगळ्या खात्यात. लिक्विडेशन (कंपनी मोडून मालमत्ता विकणं) झालं तरी तो पैसा इतर देणेकऱ्यांत वाटला जात नाही. जेट एअरवेजच्या बाबतीत कर्मचाऱ्यांचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल हा आदेश सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. पगाराच्या थकबाकीला असं कवच नाही. ‘वर्कमन’ (कायद्याने कामगार) न मानल्या गेलेल्या कर्मचाऱ्याचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार तारण असलेल्या बँकांच्या मागून रांगेत उभा राहतो, आणि तिथपर्यंत सहसा काही उरत नाही.

‘परत या’ मेलचा इतिहास फार उत्साहवर्धक नाही. गो फर्स्टने ३ मे २०२३ ला उड्डाणं थांबवली आणि त्याच महिन्यात कॅप्टनना दरमहा १ लाख, एफओंना ५०,००० जादा देऊ केले. राजीनामे मागे घेणाऱ्यांनाही १५ जूनपर्यंत मुदत होती. जानेवारी २०२५ ला लिक्विडेशनचा आदेश झाला. जेटचं तर विचारूच नका: जून २०२१ ला प्लॅन मंजूर, मे २०२२ ला एओसी (विमानसेवा चालवण्याचा परवाना) परत हातात, तिकडे पायलट भरती, आणि एकही व्यावसायिक उड्डाण न होता ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनचा आदेश दिला. मधल्या काळात परत गेलेल्यांपैकी काहींवर पुन्हा बिनपगारी रजेची पाळी आली.

तुमच्या हातात सध्या एक गोष्ट आहे आणि ती फक्त आत्ता आहे: कंपनीला तुमची गरज आहे. थकबाकी रुजू होण्याआधी मागा. सगळी मिळत नसेल तर निम्मी आधी आणि उरलेली तारखेनिशी. निदान रक्कम आकड्यात मान्य केल्याचा मेल तरी घ्या. पगाराच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते, आणि मुदत संपायच्या आत कंपनीने लेखी देणं मान्य केलं की ती मुदत नव्याने सुरू होते. उलट रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात ‘पूर्वीच्या सेवेपोटी माझं काहीही येणं नाही’ असं एक पान हमखास असतं. ते सही करण्याआधी वाचा, आणि सही करायचीच झाली तर खाली ‘थकबाकी रु. अमुक वगळून’ असं हाताने लिहून त्याचा फोटो ठेवा.

ईपीएफओचं (पीएफ खात्याचं) पासबुक काढलंय का?

उजवी_सीट

आत्ता काढलं. रजेवर पाठवायच्या आधीच्या दोन महिन्यांचा पीएफ पगारातून कापलाय, पासबुकात नाही. एनसीएलटीत काही सापडलं नाही, भांडवल थेट ओतलेलं दिसतंय. बॉण्डमध्ये प्रो-राटा आहे. चेक दिलेले नाहीत.

कोकणकडा

पगारातून कापून न भरलेला पीएफ ही वेगळीच गोष्ट आहे. तो एचआरच्या मेलला उत्तर देताना पहिल्या ओळीत लिहा. इतर देण्यांवर ते वेळ मागू शकतात, यावर नाही.

कंपनीची तब्येत बाहेरून बघायला काही सोप्या जागा आहेत, पत्रकार परिषद ऐकत बसू नका.

ईपीएफओच्या साइटवर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे. कंपनीचं नाव टाकलं की ‘व्ह्यू पेमेंट डिटेल्स’ मध्ये महिन्यागणिक किती रक्कम, किती कर्मचाऱ्यांसाठी, कोणत्या तारखेला भरली ते दिसतं. लॉगिन लागत नाही. गेल्या सहा महिन्यांच्या तारखा बघा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचा असतो. नवा पैसा आल्यावरही भरणा २८-३० तारखेकडे सरकत असेल तर पैसा आला तो कर्जफेडीत गेला असं समजा. कर्मचाऱ्यांची संख्या वाढतेय की घटतेय तेही तिथेच कळतं.

मग विमानं. फ्लाइटरडारवर त्यांची ‘व्हीटी’ (भारतीय) नोंदणीची विमानं एक आठवडा बघा, दिवसाला किती वेगवेगळी नोंदणी उडतेय ते लिहून काढा. ताफ्यात ३० विमानं असल्याच्या बातमीला अर्थ नाही, उडणारी किती तेवढंच महत्त्वाचं. एका ए३२० ला साधारण पाच ते सात क्रू-जोड्या लागतात. उडणारी विमानं ९ असतील तर ५४ जोड्यांच्या आसपास, म्हणजे ५४ एफओ. यादीत ८० एफओ आधीच असतील आणि वर तुम्हाला बोलावत असतील तर तुमच्या वाट्याला उडायचे तास कमीच येणार. पगारात ‘फिक्स्ड’ तास किती धरलेत आणि ते लिखित आहेत का, हे त्याला जोडून बघा. ७० तासांची हमी आणि ४० तासांची हमी यात ताशी भत्त्याचा मोठा फरक पडतो. २०२३ मध्ये एअर इंडियाच्या नव्या करारावर पायलट भडकले त्यातलं एक कारण हेच होतं.

उडणाऱ्या विमानांत परदेशी नोंदणीची किती तेही मोजा. वेट लीजवर आलेलं विमान आपला क्रू घेऊन येतं. कंपनी वेट लीजवर वाढत असेल तर उड्डाणं वाढली असं दिसतं, पण तुम्हाला उजव्या सीटची एकही जागा त्यातून मिळत नाही.

डीजीसीएच्या साइटवर आयडेराखाली (नोंदणी रद्द करून विमान परत नेण्याचा अधिकार लीजवाल्याला देणारं पत्र) आलेल्या डी-रजिस्ट्रेशनच्या विनंत्यांची यादी असते. लीजिंग कंपनी विमान परत मागते तेव्हा तिथे नोंदणी क्रमांक झळकतो, आणि नियमाप्रमाणे ५ कामाच्या दिवसांत नोंदणी रद्द करायची असते. गो फर्स्टच्या वेळी हे दिवाळखोरीच्या स्थगितीत अडकलं, शेवटी एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ५४ विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं. आता तसं अडकणार नाही: ३ ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने विमानं त्या स्थगितीतून बाहेर काढली आणि २०२५ मध्ये त्यावर स्वतंत्र कायदाही झाला. लीजवाल्यांसाठी चांगलं, कर्मचाऱ्यांसाठी याचा अर्थ असा की कंपनी गडगडली तर विमानं आठवड्यांत जातील, वर्षभर हँगरमध्ये उभी राहणार नाहीत. जुन्या कंपनीचं एखादं जरी विमान त्या यादीत ताजं दिसलं तर मी तरी तिकडे फिरकणार नाही.

आणि तुम्ही दोनच पर्याय धरून बसलाय ते का? १ जुलै २०२५ पासून साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, १ नोव्हेंबरपासून रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची उड्डाणं कशी कोसळली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याच ताफ्याला आता जास्त पायलट लागतात. ए३२० चं रेटिंग आणि १,३०० तास असलेल्या एफओने तिसरीकडे अर्ज करून बघितलाच पाहिजे. अडचण एकच, बहुतेक जाहिरातींत ‘करंट’ असण्याची अट असते आणि तुमचं पीपीसी गेलंय. जुनी कंपनी रिफ्रेशर (उजळणीचं प्रशिक्षण) करून देणार असेल तर ती तिच्या ऑफरमधली, भत्त्यापेक्षा मोठी, किंमत आहे.

थ्री_ग्रीन्स

सिमबद्दल (सिम्युलेटरबद्दल) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्षभर एटीआर करून ए३२० वर परतणारे एफओ हुशार असूनही ठराविक जागी घसरतात.

पहिलं म्हणजे एफएमए (समोरच्या पडद्यावरची, चालू मोड दाखवणारी वरची ओळ) वाचायची सवय मोडलेली असते. एटीआरवर पॉवर लिव्हर हाताखाली असतात आणि पॉवर बदलली की हाताला कळतं. एअरबसच्या ऑटोथ्रस्टमध्ये लिव्हर क्लाइम्बच्या खाचेत स्थिर, इंजिन मात्र आयडलला गेलेलं. स्पीड मोडऐवजी ‘थ्रस्ट आयडल’ आहे हे फक्त वरच्या ओळीत दिसतं. प्रत्येक बदल मोठ्याने म्हणायची शिस्त सिमला जायच्या महिनाभर आधी खुर्चीत बसून परत लावून घ्यायची.

दुसरं, गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं). एटीआरवाला हात लिव्हर अर्धवट पुढे ढकलतो. एअरबसवर लिव्हर टोगाच्या (पूर्ण थ्रस्टच्या) खाचेपर्यंत गेले नाहीत तर एसआरएस (नाक किती वर धरायचं ते दाखवणारा मोड) लागत नाही, विमान गो-अराउंडच्या मोडमध्ये जातच नाही आणि फ्लाइट डायरेक्टर अप्रोचचाच इशारा देत राहतात. मग नाक वर, थ्रस्ट कमी, स्पीड पडतोय, फ्लॅप कोणी म्हटलंच नाही, अशी खिचडी होते. आधी पूर्ण टोगा, एफएमए वाचा, मग जास्त थ्रस्ट नको असेल तर मागे घ्या. हा क्रम पाच वेळा हात रिकामा ठेवून करा.

तिसरं, उतरण. एटीआरवर पॉवर काढली की प्रोपेलर विमान धरून ठेवतात, उशिरा ठरवलं तरी चालून जातं. ए३२० घसरत जातं. १०,००० फुटांवर २५० नॉट आणि ३० मैल बाकी, हा हिशोब परत डोक्यात बसवायला दोन सत्रं जातात. फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) साधारण ३० फुटांवर, ‘रिटार्ड’ ही लिव्हर मागे घ्यायची सूचना २० ला. एटीआरची डोळ्यांची उंची आणि फ्लेअर वेगळी असल्याने पहिल्या सत्रात एकतर कडक बसतं नाहीतर तरंगतं. त्याची लाज वाटून घेऊ नका, परीक्षक तेवढ्यावर नापास करत नाही. इंजिन फेल्युअरनंतर रडर घाईने भरून बीटा टार्गेटच्या (रडर किती द्यायचा ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या खुणेच्या) पलीकडे जाणं, आणि मग साइडस्टिकने उलटं धरणं, यावर मात्र करतो.

म्हणून ऑफरमध्ये सत्रांची संख्या विचारा. ‘रिक्वायरमेंटप्रमाणे’ हे उत्तर नको. इतक्या खंडानंतर ग्राउंड रिफ्रेशर, पुरेशी सिम सत्रं आणि मग पीपीसी-आयआर चेक, त्यानंतर इन्स्ट्रक्टरबरोबर लाईन आणि शेवटी रूट चेक, हा क्रम. यात कंपनी पैसे वाचवते ती सिम सत्रांत. सिमचा स्लॉट आणि चेकरची तारीख गाठ पडेपर्यंत दोन महिने सहज जातात. पूर्ण पगार रुजू झाल्या दिवसापासून की लाईनवर रिलीज झाल्यावर, हे ऑफर लेटरच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. आणि चेकमध्ये नापास झाल्यास पुढचं सिम कोणाच्या खर्चाने? तेही.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी अडचण: विमानतळ प्रवेशाचा पास. जुन्या कंपनीतून निघताना तो परत केल्याची पावती शोधून ठेवा. नसेल तर नव्या पासला अर्ज केल्यावर अडतं, आणि पास नसलेला एफओ सिम पास होऊनसुद्धा घरीच बसतो.

डॅलसकर

इकडच्या फोरमवर वाचलेलं भारताला जसंच्या तसं लावू नका, म्हणून दोन ओळी. अमेरिकेत फर्लो (तात्पुरतं बिनपगारी घरी बसवणं) म्हणजे युनियनच्या करारातली गोष्ट: ज्युनियरपासून बाहेर, परत बोलावणं सीनियरपासून, आणि यादीतला नंबर तुमच्या नावावर राहतो. बोलावणं आलं तरी खालचं कोणी बाकी असेल तर बऱ्याच करारांत ‘बायपास’ करून थांबता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारी पगार-मदत संपली तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने सुमारे १,६०० पायलट फर्लो केले. डिसेंबरअखेर नवी मदत आली, तिच्या अटींतच त्यांना परत घेणं होतं, आणि ते आपापल्या नंबरवर परत आले.

तरी इथेही नवी कंपनी नोकरी देताना जुन्या ठिकाणचा नंबर सोडून द्यायला लावते. म्हणजे परतीचं दार उघडं ठेवून दुसरीकडे बसण्याची सोय सगळ्यांना मिळत नाही. भारतात तर राजीनामा दिला की नंबर गेला. तो परत हवा असेल तर मागून, लिहून घ्यावा लागतो.

माचीवरचा_वारा

सगळे बॉण्ड आणि पीएफमध्ये अडकलेत, मी वेगळं बोलतो. एटीआरची कमांड दीड-दोन वर्षांवर असताना ए३२० च्या उजव्या सीटवर परत जाणं मला पटत नाही. पीआयसीचे (कॅप्टन म्हणून उडवलेले) तास तुमचे असतात, कंपनी बुडाली तरी. जुन्या कंपनीत ज्येष्ठता गेली असेल तर तुम्ही नव्याने लागलेल्यांच्या मागे, कमांड पाच वर्षांवर.

कोकणकडा

अर्धं बरोबर. देशातल्या प्रादेशिक कंपन्यांत आणि पुढच्या कमांडसाठी एटीआरचे पीआयसी तास मोलाचे. पण आखातात जायचं डोक्यात असेल तर तिकडच्या एफओच्या जाहिराती जेटचे तास मागतात, आणि तेही अलीकडचे. आजचे १,३०० तास तीन वर्षांनी शिळे होतात. आणि ‘दीड-दोन वर्षांत कमांड’ हे एटीआर कंपनीने लिहून दिलंय की रोस्टरवाल्याने चहावर सांगितलंय? एटीआरच्या विमानांची ऑर्डर किती, येतायत कधी, ते त्याच काटेकोरपणे बघा. ताफा वाढला नाही तर कमांडही नाही.

कागदोपत्री

१५ दिवसांत होकार-नकार द्यायची गरज नाही, उत्तर द्यायची आहे. असं लिहा:

‘परत रुजू होण्यास मी इच्छुक आहे. सध्याच्या कंपनीतली ६ महिन्यांची नोटीस लक्षात घेता अमुक तारखेपासून रुजू होऊ शकेन. ऑफर लेटरमध्ये पुढील बाबी नमूद कराव्यात: ज्येष्ठतेसाठी मूळ रुजू तारीख धरली जाईल. अमुक आणि अमुक महिन्यांचा पगारातून कापलेला पीएफ ऑफर स्वीकारण्यापूर्वी जमा केला जाईल. थकीत वेतन रु. अमुक, रुजू तारखेपूर्वी. रिफ्रेशर आणि चेकचा खर्च कंपनीचा, त्यासाठी नवा बॉण्ड नाही. पूर्ण पगार रुजू तारखेपासून. पुन्हा बिनपगारी रजा दिल्यास त्या दिवसापासून नोटीसशिवाय एनओसी.’

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त ओढाताण करून मिळवा. मागच्या वेळी एनओसी मेहेरबानी म्हणून मिळाली होती. पुढच्या वेळी गुंतवणूकदाराचा वकील ‘६ महिने नोटीस भरा’ म्हणेल आणि तुम्ही बिनपगारी बसून नोटीस मोजत राहाल.

ज्येष्ठता नाकारली आणि बाकी सगळं दिलं तर तरीही विचार करता येईल. पीएफ आणि एनओसी या दोन्हींवर टाळाटाळ झाली तर त्यांचं उत्तर मिळालंच.

हो-नाही काहीही होवो, ई-जीसीएच्या (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलच्या) लॉगबुकमधले जुन्या कंपनीचे १,३०० तास त्यांच्याकडून व्हेरिफाय झालेत का ते याच मेलच्या पाठोपाठ तपासा. कंपनीत आज माणूस बसलाय, उद्या असेलच असं नाही. बंद पडलेल्या कंपनीचे तास सिद्ध करायला लोकांना महिनोन्‌महिने लागलेत.

थ्री_ग्रीन्स

लॉस ऑफ लायसन्सचा (मेडिकल कारणाने परवाना गेल्यास पैसे देणारा) विमा राहिला. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीचं कव्हर नोकरी सुटल्या दिवशी संपतं, आणि बिनपगारी रजेत ते चालू राहतं की नाही हे पॉलिसीवर अवलंबून. नव्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात. मेडिकलमध्ये साखर किंवा बीपीची एखादी नोंद झाली असेल तर कंपनी बदलताना नेमकं तेच कव्हर जातं. एटीआरवाल्या कंपनीतला शेवटचा दिवस आणि तिकडचा पहिला दिवस यांच्यात खंड पडू देऊ नका, आणि पॉलिसीची प्रत एचआरकडून आधी मागवा. वैयक्तिक पॉलिसी काढायची तर राजीनाम्याच्या आधी, चालू मेडिकल हातात असताना काढा.